भरलेली पिकअप आणि कन्नड घाट: गॅस की डिझेल?

भडगाव तालुक्यातलं, गिरणाकाठचं एक केळी उत्पादक कुटुंब. आबा, त्यांचे दोन मुलगे आणि दारात एक टन पासिंगची, म्हणजे कायद्यानं एक टन माल न्यायची परवानगी असलेली पिकअप, गॅस (म्हणजे सीएनजी) आणि पेट्रोल दोन्हींवर चालणारी. थोरला गाडी चालवतो, धाकटा हिशेब सांभाळतो. गाडी घेतली तेव्हा सगळं काम सपाटीचं होतं: मळ्यातून पाचोरा, जळगाव, फार तर धुळे. त्या कामात गॅसनं त्यांना चांगला हात दिला. मग छत्रपती संभाजीनगरच्या एका व्यापाऱ्यानं दिवसाआड कच्च्या केळीची मागणी केली. केळी पिकवायची चेंबर त्याची स्वतःची, पैसे रोख, दर गावात मिळणाऱ्या दरापेक्षा बरा. अडचण एकच होती. चाळीसगाव सोडलं की पुढे घाट उभा.

कागदोपत्री तो औट्रम घाट, आपल्या तोंडी कन्नड घाट. धुळे-सोलापूर रस्ता, आता राष्ट्रीय महामार्ग ५२, पूर्वीचा २११. चाळीसगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेतीनशे मीटरवर आहे, वरचं कन्नड सव्वासहाशेच्या पुढे. म्हणजे जवळपास तीनशे मीटरचा चढ, आणि त्यातला मोठा भाग गौताळ्याच्या जंगलातल्या वळणांवर थोड्याच अंतरात चढायचा. ३१ ऑगस्ट २०२१ च्या अतिवृष्टीत याच घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला होता. ऑगस्ट २०२३ पासून उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशानं जड वाहनांना इथून बंदी आली. त्यामुळे या वाटेनं माल न्यायचा तर पिकअपसारख्या हलक्या गाडीनंच.

थोरला गाडी घेऊन माझ्या गॅरेजवर आला तेव्हा क्लच प्लेट घासून गुळगुळीत झाली होती. त्याचं म्हणणं एका वाक्याचं: “भरेल गाडी घाटमा दम सोडी देस, जिभाऊ.” शेवटच्या वळणांवर गाडी पहिल्या गिअरवर येते, पुढे कुणी थांबलं की पुन्हा उचलताना हाफ क्लचवर धरावी लागते, आणि जळका वास केबिनमध्ये येतो. आबांचं मत ठरलेलं होतं: गाडी विकून डिझेल घ्या. धाकटा अडून बसला होता, कारण त्याच्या वहीत गॅसचा किलोमीटरमागचा खर्च डिझेलपेक्षा स्पष्ट कमी दिसत होता. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, म्हणूनच हे प्रकरण मला सविस्तर लिहावंसं वाटलं.

पहिलं काम काट्यावर

इंजिनाला हात लावण्याआधी मी थोरल्याला एवढंच विचारलं की गाडीत नेमका किती माल असतो. उत्तर क्रेटमध्ये आलं, किलोमध्ये नाही. आपल्याकडे हे सर्रास चालतं. हौद्यात बसतील तेवढे क्रेट रचायचे आणि वर दोरी ओढायची. पुढच्या फेरीला गाडी काट्यावर घेतली तर माल एक टनापेक्षा जवळपास चारशे किलो जास्त भरला.

मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ खाली जादा वजनाचा दंड वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार असा आहे. शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे जाऊ देत नाहीत, आणि उन्हात उतरवलेल्या केळीचं काय होतं ते सांगायला नको. पण दंडाची गोष्ट बाजूला ठेवली तरी प्रश्न उरतोच. एक टनाची गाडी चौदाशे किलो घेऊन घाटात दमली, यात गॅसचा दोष किती आणि चारशे किलोंचा किती? हे वेगळं केल्याशिवाय गॅस-डिझेलची तुलना म्हणजे अर्धपोटी बैल आणि भरल्या पोटाचा बैल यांची शर्यत लावण्यासारखं आहे.

गॅरेजमध्ये येणाऱ्या निम्म्या वादांत हीच चूक असते. एकाची दीड टनाची डिझेल पिकअप असते, दुसऱ्याची एक टनाची गॅसची, दोघं सारखाच माल भरतात आणि मग म्हणतात, गॅसमध्ये दम नाही.

घाट काय मागतो

आता कागदावर येऊ. आपल्याकडच्या घाटरस्त्यांची आखणी करताना चढ साधारण ५ टक्के धरतात, अडचणीच्या ठिकाणी ६ आणि अगदी नाइलाज असेल तिथं ७ टक्क्यांपर्यंत जातात. ६ टक्के म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की सहा मीटर वर. ऐकायला किरकोळ वाटतं.

उदाहरणासाठी दोन गाड्या घेऊ, ज्यांचे आकडे सर्वांना उपलब्ध आहेत. टाटा इन्ट्रा व्ही २०, एक टन पासिंग, सुमारे १.२ लिटरचं गॅस-पेट्रोल इंजिन, गॅसवर ५३ अश्वशक्ती आणि ९५ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे इंजिनाची फिरवण्याची ओढ. दुसरी त्याच घरची व्ही ५०, दीड टन पासिंग, दीड लिटरचं टर्बो डिझेल, ८० अश्वशक्ती आणि २२० न्यूटन-मीटर. दोन्ही २०२२ मध्ये एकत्रच बाजारात आल्या. भरलेल्या गाडीचं एकूण वजन पहिलीचं सुमारे २,२६५ किलो, दुसरीचं २,९४० किलो. थोरल्याची गाडी कोणत्या कंपनीची याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही, या वर्गातल्या सगळ्यांचं गणित जवळपास असंच आहे.

दर टनामागे अश्वशक्ती काढली तर गॅसला २३ आणि डिझेलला २७ येते. फरक आहे, पण डोळे विस्फारण्यासारखा नाही. दर टनामागे टॉर्क काढा: गॅसला ४२, डिझेलला ७५. घाटात ड्रायव्हरच्या पायाला जो फरक जाणवतो तो इथला आहे. अश्वशक्तीचा मोठा आकडा इंजिन पूर्ण ताणल्यावर मिळतो. वळणावर वेग पडून इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्यांवर आलं की तिथं किती ओढ शिल्लक आहे, त्यावर गाडी चढते की थांबते हे ठरतं.

ताशी ३० किलोमीटरनं ६ टक्क्यांचा चढ चढायला २,२६५ किलोच्या गाडीला, टायरचं घर्षण आणि गिअर-एक्सलमधली गळती धरून, सुमारे २१ अश्वशक्ती लागते. २,९४० किलोच्या गाडीला २७. आणि दोन हजार फेऱ्यांवर, कमाल टॉर्क तिथं मिळतो असं धरलं तरी, गॅसचं इंजिन २७ अश्वशक्ती देतं. डिझेल देतं ६२.

गॅसवाल्याकडे गरजेच्या वर सहा उरली. डिझेलवाल्याकडे गरजेहून दुप्पट आहे.

यात अजून खानदेशचा उन्हाळा आला नाही. गॅसच्या या इंजिनाला टर्बो नाही, ते बाहेरची हवा जशी मिळेल तशी ओढतं. इंजिनाचे जाहीर आकडे २५ अंशांच्या आसपासच्या हवेसाठी असतात. वैशाखात दुपारी चाळीसगावला पारा बेचाळिशीच्या घरात असतो, तापलेली हवा विरळ, आणि वर चढत जाल तशी आणखी विरळ. ऊन आणि उंची मिळून दहा टक्के तरी ताकद जाते. २७ ची २४ झाली. आता सात टक्क्यांचं वळण आलं की गरजही २४ होते. शिल्लक शून्य. गाडीनं दम सोडला असं थोरला म्हणत होता तो हाच क्षण. आणि हे पासिंगइतक्या मालाचं झालं. चारशे किलो जादा घातले की साध्या सहा टक्क्यांच्या चढालाच सुमारे २५ लागतात. म्हणजे घाटाच्या पहिल्या चढापासूनच तो उणे खात्यात होता.

टर्बो डिझेलला ही झळ फार कमी बसते, कारण टर्बो हवा दाबून भरतो आणि बाहेरचा विरळपणा बराचसा भरून काढतो. माझ्या मते आपल्या भागात टर्बो आहे की नाही हा प्रश्न डिझेल आहे की गॅस या प्रश्नाइतकाच मोठा आहे, आणि तो फार कमी जण विचारतात.

गॅसवर ताकद कमी का पडते याचंही कारण साधं आहे. पेट्रोलचा फवारा इंजिनात फारशी जागा घेत नाही. गॅस मात्र हवेच्या जागी बसतो: आत जाणाऱ्या मिश्रणात जवळपास दहावा भाग गॅसच असतो, तेवढी हवा कमी जाते, तेवढं जळण कमी होतं. त्याच व्ही २० ला पेट्रोलवर १०६ न्यूटन-मीटर मिळतो, गॅसवर ९५. म्हणून जुने ड्रायव्हर घाटाच्या पायथ्याला बटण दाबून गाडी पेट्रोलवर टाकतात. थोरल्याला ही युक्ती माहीत होती, पण पेट्रोलचा खर्च धाकट्याच्या वहीत दिसेल म्हणून तो टाळत होता. पुढच्या काही फेऱ्या त्यानं घाटापुरत्या पेट्रोलवर केल्या. फरक पडला, पण चौदाशे किलोंना पुरला नाही.

इथं कुणी म्हणेल, गॅसची गाडी लहान गिअरमध्ये टाकून रेटली तर चढेलच की. चढते. गिअर लहान केला की चाकाला पोचणारी ओढ वाढते, इंजिन साडेतीन हजार फेऱ्यांवर ओरडतं, गाडी पंधरा-वीसच्या वेगानं वर येते. रिकाम्या रस्त्यावर यात वावगं काही नाही. पण कन्नड घाटात रस्ता रिकामा नसतो. पुढचा थांबला की भरल्या गाडीला चढावर शून्यातून उचलायचं असतं, आणि तिथं कमी फेऱ्यांची ओढ नसेल तर त्याची किंमत क्लच प्लेट मोजते.

इंधनाचा खर्च घाटात नाही

धाकट्याच्या वहीकडे वळतो, कारण तिथं दोघांनाही धक्का बसला. घाट इंधन पितो असा सगळ्यांचा समज असतो. हिशेब करून पाहू. २,२६५ किलो वजन तीनशे मीटर वर उचलायला लागणारी ऊर्जा सुमारे ६.७ मेगाज्यूल. गॅसच्या इंजिनानं जाळलेल्या उष्णतेतला चौथा हिस्सा कामी येतो असं धरलं, तर नुसत्या उचलण्यासाठी अर्धा किलोच्या थोडा वर गॅस लागतो. डिझेलच्या गाडीचं वजन जास्त, पण त्या इंजिनात इंधनाचा तिसरा हिस्सा कामी येतो; तिथं पाऊण लिटरच्या आतच काम होतं. म्हणजे पन्नास-सत्तर रुपयांची गोष्ट. सव्वाशे किलोमीटरच्या वाटेत ही रक्कम बुडून जाते.

मग पैसे कुठं जातात? भडगाव ते संभाजीनगर जाऊन-येऊन साधारण अडीचशे किलोमीटर. हिशेब सोपा राहावा म्हणून गॅस आणि डिझेल दोन्ही ९० रुपये धरू, किलोला आणि लिटरला. गॅसची गाडी किलोला १७ आणि डिझेलची लिटरला १४ किलोमीटर देते असं धरू, जाताना भरलेली, येताना रिकामी. गॅसचा फेरीचा खर्च सुमारे १,३२० रुपये, डिझेलचा १,६०० च्या थोडा वर. इथवर धाकटा बरोबर. पण पहिल्या गाडीत एक टन माल गेला, दुसरीत दीड. टनामागे गॅसला १,३२० आणि डिझेलला १,०७० पडले. भरून चालवलात तर डिझेल स्वस्त. माल एक टन किंवा कमी असला तर गॅस फेरीमागे पावणेतीनशे रुपये वाचवतं.

हा सगळा वाद मालाच्या वजनावर येऊन थांबतो, आणि किलोमीटरच्या सरासरीवर भांडणारे घरोघरी याच जागी चुकतात. सरासरी गाडीची असते, कमाई टनाची असते.

धाकट्यानं लगेच वर्षभराच्या पावत्या काढल्या. केळी कापणीच्या भरात दर खेपेला सव्वा ते दीड टन माल तयार असायचा, पण मधले काही महिने सातशे-आठशे किलोंवर यायचा. त्या पावत्यांनी अर्धा निर्णय करून टाकला.

भाड्याची डिझेल आणि एक दुपार

कागद पुरेसा नाही. अमेरिकेत पिकअपमागे ट्रेलर ओढतात, आणि ओढण्याची क्षमता जाहीर करण्यासाठी तिथं ‘जे-२८०७’ नावाचं एक ठरलेलं प्रमाण आहे. त्यात ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या सव्वाअकरा मैलांच्या आसपासच्या चढावर भरल्या ट्रेलरसह, भर उन्हात, एसी पूर्ण चालू ठेवून गाडी ठरावीक वेगाच्या खाली येऊ न देता चढवायची असते. तिथंही इंजिनांचं चित्र आपल्यासारखंच दिसतं. फोर्डच्या मोठ्या पिकअपच्या २०२० च्या मॉडेलात ७.३ लिटरचं पेट्रोल इंजिन ४३० अश्वशक्तीचं आणि ६.७ लिटरचं डिझेल ४७५ चं. टॉर्क मात्र एकाचा सुमारे ६४४ आणि दुसऱ्याचा १,४२४ न्यूटन-मीटर. मला त्या प्रमाणातलं आवडलं ते उन्हाचं आणि एसीचं कलम. गाडीची परीक्षा तिच्या वाईट दिवशी घ्यायची, हे त्यामागचं शहाणपण आपल्यालाही घेता येतं.

तसंच केलं. ओळखीच्या एकाची दीड टन पासिंगची डिझेल पिकअप भाड्यानं घेतली. दोन्ही गाड्या काट्यावर नेऊन आपापल्या पासिंगइतक्याच भरल्या, गॅसला एक टन, डिझेलला दीड. ड्रायव्हर थोरलाच. वेळ दुपारची, कारण केळी सकाळी कापून, क्रेट लावून निघायला दुपार होतेच. डोळा ठेवायचा तो चार गोष्टींवर: कोणत्या गिअरमध्ये चढते, पाण्याच्या तापमानाचा काटा कुठं जातो, चढावर थांबवून पुन्हा उचलताना क्लच किती वेळ अर्धा धरावा लागतो, आणि वर पोचल्यावर वास येतो का.

गॅसची गाडी पासिंगमध्ये असताना चढली, हे आधी नीट नोंदवायला हवं. वळणांवर दुसऱ्यावर आली, दोन ठिकाणी पहिल्यावर, पण थांबली नाही. चढावर मुद्दाम उभी करून उचलली तेव्हा मात्र क्लच बराच वेळ धरावा लागला. डिझेल दीड टन घेऊन बहुतेक वाट तिसऱ्यावर चढली, उभी करून उचलायला पायाला त्रास झाला नाही. तापमानाचा काटा दोघींचाही थोडा सरकला, गॅसचा जास्त.

नंतर गॅसची गाडी आठशे किलोंवर आणून रात्री उशिरा निघायचा प्रयोग थोरल्यानं स्वतःच्या मनानं केला. मला तो फार मोलाचा वाटतो. गाडीचं वजन दोनशे किलोंनी उतरलं की सहा टक्क्यांच्या चढाची गरज १९ अश्वशक्तीवर येते. रात्रीच्या गार हवेत इंजिनाला गेलेल्या ताकदीतला वाटा परत मिळतो, आणि घाटात गर्दी कमी असल्यानं उभं राहून उचलण्याचे प्रसंगही कमी येतात. गाडी तीच, इंधन तेच, आणि क्लचची तक्रार उरली नाही. पण दीड टनाची मागणी असताना आठशे किलो नेणं म्हणजे व्यापारी गमावणं.

दोन्ही इंधनांची दुखणी

डिझेल घ्या म्हणणारे एक गोष्ट सांगत नाहीत. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेलला धुरातली काजळी धरणारा फिल्टर असतो, डीपीएफ. तो साफ होण्यासाठी धूर चांगला तापावा लागतो. घाट चढणाऱ्या भरल्या गाडीत तो आपोआप तापतो. तीच गाडी गावात मंडई ते गोदाम अशा लहान लहान फेऱ्यांना लावली की काजळी साचते, डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि दुर्लक्ष केलं तर ताकद कापून गाडी कासवगतीला येते. माझ्याकडे डीपीएफच्या तक्रारीनं येणाऱ्या गाड्या बहुतेक गावातच फिरणाऱ्या असतात. घाटातली गाडी क्वचितच.

गॅसचं दुखणं वेगळं. साठ लिटर मापाच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाला नऊ-दहा किलो गॅस मावतो आणि सिलिंडरचं स्वतःचं वजन पन्नास किलोंच्या वर असतं; ते वजन पासिंगमधूनच जातं. उन्हाळ्यात भरताना गॅस तापतो आणि टाकी भरल्यासारखी वाटली तरी आत माल कमी जातो. दर तीन वर्षांनी सिलिंडरची दाब चाचणी करून प्रमाणपत्र घ्यावं लागतं, ते संपलं असेल तर पंपावर गॅस देत नाहीत. सतत ताणून चालवलेल्या गॅस इंजिनात व्हॉल्व्हच्या बैठका लवकर झिजतात, स्पार्क प्लगही लवकर बदलावे लागतात. आणि रांग. केळी भरलेली गाडी गॅसच्या रांगेत उन्हात उभी राहणं हा खर्च कुठल्याच वहीत लिहिला जात नाही, पण व्यापारी वजन करताना तो कापतोच.

मोठ्या इंजिनाच्या गॅस पिकअपही आता मिळतात, आणि धाकट्याचं मन तिकडे ओढत होतं. सपाटीला मी त्याला नक्की हो म्हटलं असतं. जळगाव-धुळे-नाशिक या पट्ट्यात गॅसवर धंदा करणारे सुखी आहेत. नंदुरबारकडच्या कुणी विचारलं असतं, चांदसैली घाटातून धडगावकडे माल न्यायचा आहे किंवा तोरणमाळ चढायचा आहे, तर मी डिझेलशिवाय दुसरं नाव घेतलं नसतं. तोरणमाळ साडेअकराशे मीटरच्या आसपास आहे, खालच्या शहाद्याच्या तुलनेत हवा दहा टक्के तरी विरळ. कन्नड घाट या दोन्हींच्या मधला आहे, म्हणून इथं विचार करावा लागला.

काय ठरलं

गॅसची गाडी विकायची नाही, हे आबांना पटवायला वेळ लागला. त्यांच्या मते दोन गाड्या म्हणजे दोन हप्ते. धाकट्यानं पावत्या पुढे ठेवल्या: जुन्या गाडीचे हप्ते जवळपास फिटले होते, विकून हाती येणारी रक्कम नव्या गाडीच्या किमतीपुढे थोडी होती, आणि मधल्या महिन्यांत पाचोरा-जळगावचं काम गॅसवरच परवडणार होतं. संभाजीनगरच्या वाटेला दीड टन पासिंगची टर्बो डिझेल घेतली. कापणीच्या भरात ती घाटात जाते, माल काट्यावर मोजूनच भरायचा ही अट थोरल्यानं स्वतः घातली. माल आठशे किलोंच्या आत असेल त्या दिवसांत गॅसची गाडी रात्री निघते, घाटापुरती पेट्रोलवर. डिझेल गाडी गावातल्या किरकोळ फेऱ्यांना लावायची नाही, हे मी त्यांना निक्षून सांगितलं आहे, डीपीएफपायी.

एक गोष्ट अजून लोंबकळत आहे. संभाजीनगरहून येताना गाडी रिकामी येते, आणि तिकडून खताच्या गोण्यांचं परतीचं भाडं मिळू शकतं. कागदावर फेरीचा निम्मा खर्च निघतो. पण मग भरलेली गाडी घाट उतरणार. जवळपास तीन टनांची गाडी सहा टक्क्यांच्या उतारावर ताशी ३० नं धरून ठेवायची तर दर क्षणाला दहा-अकरा किलोवॅट उष्णता कुठं तरी मुरवावी लागते. ती इंजिनानं घेतली नाही तर ब्रेकच्या लायनरनं घ्यायची. गॅस-पेट्रोलच्या इंजिनात पाय काढला की हवेची वाट मिटते आणि इंजिन आपसूक गाडी धरतं. डिझेलमध्ये ती वाट बरीचशी उघडी राहते, आणि या आकाराच्या पिकअपला मोठ्या ट्रकसारखा, धूर अडवून गाडी धरणारा एक्झॉस्ट ब्रेक सहसा नसतो, त्यामुळे तिथं सगळी भिस्त लहान गिअरवर. इंधन वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडायची सवय आपल्या भागात अनेकांना आहे. इंजेक्शनच्या आजच्या इंजिनात गिअरमध्ये पाय काढला की इंधन तसंही बंद होतं, म्हणजे न्यूट्रलमध्ये वाचत काहीच नाही आणि ब्रेक मात्र एकटे पडतात.

थोरल्याला मी सांगितलं आहे की पुढचे डिस्क, मागचे ड्रम आणि ब्रेकचं तेल एकदा उघडून बघू, मग पहिली फेरी अर्धा टन गोण्यांची कर, दुसऱ्या गिअरमध्ये उतर आणि खाली आल्यावर चाकांच्या रिमजवळ हात नेऊन बघ. आबा म्हणतात परतीचं भाडं घ्यायलाच हवं. पावसाळा संपेपर्यंत ते घ्यायचं नाही, एवढ्यावर सध्या तिघांचं एकमत झालं आहे.